पुढच्या चाकांचा ओव्हरटाइम

पावसाळा लागला की शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच विषय. ताम्हिणी की वरंधा? माळशेज की थेट आंबोली? कुणाची गाडी, किती जण, भजी कुठे, कणीस कुठे, सगळं पटापट ठरतं. गाडी कोण चालवणार हेही ठरतं. ज्याची नवीन, तो. म्हणजे लायसन्स मिळून आठ महिने झालेला आणि त्यातले सात महिने हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये फर्स्ट-सेकंड, फर्स्ट-सेकंड करण्यात घालवलेला आपला हीरो. रविवारी सकाळी त्याच्या हातात चार मित्र असतात, मागे मोठ्या आवाजात गाणी असतात आणि समोर डोंगराला चिकटलेली ओली वळणं.

आता ‘हळू चालवा’ एवढं सांगून हा कॉलम संपवता येईल. पण हळू म्हणजे किती? आणि नुसतं हळू चालवून भागतं का? कारण घाटात रस्ता सोडणाऱ्या गाड्यांपैकी सगळ्याच काही शंभरने पळत नसतात. पन्नास-साठला, एरवी हायवेवर अगदी मवाळ वाटणाऱ्या स्पीडलाही गाडीचं नाक वळायचं नाकारतं. तेव्हा ड्रायव्हरचे हातपाय नेमकं उलटं काम करतात, आणि तिथे सगळा घोळ होतो.

म्हणून आधी एक प्रश्न. तुमची गाडी ओढतात ती चाकं कुठली? पुढची की मागची?

आपल्याकडे ईएमआय पाठ असतो, मायलेज पाठ असतं, टचस्क्रीन किती इंचाची हे तर झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतात. या प्रश्नाला मात्र मंडळी एकमेकांकडे बघतात. तर स्विफ्ट, बलेनो, आय-ट्वेंटी, अल्ट्रोझ, होंडा सिटी, सगळ्या फ्रंट व्हील ड्राइव्ह. इंजिनाची ताकद पुढच्या दोन चाकांना, मागची दोन आपली मुकाट मागे येतात. एसयूव्हीवाल्यांनो, फार खूश होऊ नका. आपल्याकडची क्रेटा आणि नेक्सॉन बहुतेक वेळा ज्या रूपात विकली जाते, तीही फ्रंट व्हील ड्राइव्हच. उंच आहे आणि दणकट दिसते म्हणजे फोर बाय फोर असेल, हा गोड गैरसमज. इनोव्हाची तर गंमतच आहे. क्रिस्टाला मागची चाकं ढकलतात, २०२२मध्ये आलेल्या हायक्रॉसला पुढची ओढतात. नाव एक, स्वभाव दोन.

आपल्या वडिलांच्या पिढीने गाडी शिकली ती अॅम्बेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनीवर. दोन्ही मागच्या चाकांवर चालणाऱ्या. डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली आणि घराघरात फ्रंट व्हील ड्राइव्ह शिरली. कल्पना अर्थातच जुनी. १९५९मध्ये अॅलेक इसिगोनिसने मिनी बनवताना इंजिन आडवं बसवलं, ताकद पुढच्याच चाकांना दिली आणि एवढ्याशा गाडीत चार माणसांची जागा काढली. मागपर्यंत जाणारा लांबलचक शाफ्ट नाही, त्यामुळे वजन कमी, खर्च कमी, पायाशी जागा जास्त. सिटी कारसाठी याहून बरा सौदा नाही.

पण या सौद्यात मरण होतं ते पुढच्या चाकांचं.

प्रत्येक ऑफिसात एक जण असतो बघा. प्रेझेंटेशन त्यानेच करायचं, क्लायंटशी त्यानेच बोलायचं, प्रिंटर अडकला तरी त्यालाच हाक. फ्रंट व्हील ड्राइव्हची पुढची चाकं म्हणजे हा बिचारा. गाडी वळवायची त्यांनी, गाडी ओढायची त्यांनी, ब्रेक दाबला की थांबवण्याचं बरंचसं कामही त्यांच्याच गळ्यात. वर इंजिन आणि गिअरबॉक्सही त्यांच्याच डोक्यावर. रिकाम्या गाडीचं साधारण साठ टक्के वजन पुढे असतं. मागची चाकं एसीत बसून चहा पितायत, असं समजा.

आणि हे सगळं कशाच्या जोरावर? एक टायर रस्त्याला टेकतो तो साधारण तळहाताएवढ्या जागेत. म्हणजे दोन तळहात. ग्रिप म्हणतात ती एवढ्यातच मावलेली असते आणि तिला मर्यादा असते. ब्रेक मारण्यात ती संपवली तर वळायला उरत नाही. वळण्यात संपवली तर ओढायला उरत नाही. दोन कामं एकदम सांगितली की टायर राजीनामा देतो. त्या राजीनाम्याचं नाव अंडरस्टिअर. तुम्ही स्टिअरिंग फिरवलेलं असतं आणि गाडी मात्र तुमचं न ऐकता वळणाच्या बाहेरच्या बाजूला, सरळ सरळ चाललेली असते. डाव्या वळणावर समोरून येणाऱ्या ट्रकच्या लेनमध्ये. उजव्या वळणावर कठड्याकडे. कठडा असला तर.

स्पीडचं गणित इथे फार दगाबाज आहे. समजा ४० मीटर त्रिज्येचं वळण आहे, रस्ता सपाट आहे. ताशी ४० किलोमीटरने गेलात तर टायरना गाडीच्या वजनाच्या सुमारे ३१ टक्के इतका जोर बाजूने लावावा लागतो. ५०ने गेलात तर ४९ टक्के. ६०ने गेलात तर ७१ टक्के. स्पीड दीडपट, काम सव्वादोनपट. कोरड्या, स्वच्छ डांबरावर चांगला टायर ८०-९० टक्क्यांपर्यंत साथ देतो. तोच रस्ता ओला झाला की बरीच कमी. वरून डोंगरातून वाहून आलेली लाल माती, कुठल्या तरी ट्रकचं सांडलेलं डिझेल आणि घासून गुळगुळीत झालेला टायर, एवढं जमलं की ५०ला लागणारा जोरसुद्धा मिळेल याची खात्री नाही. ‘काल तर मी साठने गेलो होतो रे!’ काल ऊन होतं, राव.

मग करायचं काय? बिचाऱ्याला एका वेळी एकच काम सांगायचं. बस. घाटातलं सगळं शहाणपण एवढ्यात आलं, बाकी तपशील.

पहिलं काम ब्रेक. तो वळणाच्या आधी, चाकं सरळ असताना. वळण दिसलं, बोर्ड दिसला की तेव्हाच स्पीड कमी करून टाकायचा, आपल्याला वाटतं त्याच्या थोडा आधी आणि थोडा जास्त. गिअरही तिथेच खाली आणायचा. पसरणी किंवा कुंभार्ली घाटात एखाद्या एसटीच्या मागे लागलात तर वैतागू नका, फुकट ट्यूशन चालू आहे. बसचे लाल दिवे लागतात ते वळणाच्या अलीकडे, वळणात नाही. गिअरचा आवाज बदलतो तोही अलीकडेच. मग ते धूड निवांत फिरून निघून जातं.

ऑटोमॅटिकवाल्यांनी इथे जरा कान द्या. गाडी एएमटी असेल तर ती भर वळणात स्वतःच्या मर्जीने गिअर बदलून एक झटका देऊ शकते. त्यामुळे घाट सुरू झाला की मॅन्युअल मोडमध्ये टाका आणि गिअर तुम्ही ठरवा. उतारावर तर हे हवंच, नाहीतर सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि पेडल ऐन वेळी मऊ पडतं. आणि न्यूट्रलमध्ये टाकून पेट्रोल वाचवणाऱ्या काकांचा सल्ला कृपया त्यांच्यापाशीच राहू द्या.

दुसरं काम वळणं. ब्रेकवरचा पाय हळुवार सुटतोय आणि स्टिअरिंग हळुवार फिरतंय, असं झालं पाहिजे. हिसका नको. ब्रेकमुळे गाडीचं वजन पुढे झुकलेलं असतं, पुढचे टायर रस्त्यावर दाबले गेलेले असतात, त्याचा फायदा वळायला मिळतो. पाय धाडकन काढलात की तो फायदा गेला. नजर बॉनेटसमोर नको, वळण जिथे उलगडतंय तिथे हवी. ऐकायला हे योगा क्लाससारखं वाटतं, पण हात नजरेच्या मागे जातात. कठड्याकडे बघत राहिलात तर गाडी कठड्याकडेच जाते.

आणि वळण जरा उशिराने घ्या. रेसिंगवाले याला लेट अॅपेक्स म्हणतात. लवकर आत शिरलं की बाहेर पडताना गाडी रुंद जाते आणि नेमकी तेव्हाच समोरून एसटी येते. उशिरा वळलं की पलीकडचं आधी दिसतं आणि बाहेर पडताना रस्ता शिल्लक राहतो. मात्र टीव्हीवर दिसतात तशा या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या रेसिंग लाइन घाटात मारायच्या नाहीत, रस्ता दुतर्फा आहे. तुमचं सगळं कौशल्य तुमच्या लेनमध्ये मावलं पाहिजे. आणि चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यायची, हा नियम पुस्तकातही आहे आणि घाटातल्या ट्रकवाल्यांच्या डोक्यातही. आपल्याच पिढीला तो परीक्षेनंतर आठवत नाही.

तिसरं काम ओढणं, म्हणजे अॅक्सिलरेटर. फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये उतावळेपणाची शिक्षा इथे मिळते. भर वळणात रेस दिली की दोन गोष्टी एकदम होतात. वजन मागे सरकून नाक हलकं होतं आणि त्याच हलक्या चाकांवर ओढण्याचं काम वाढतं. परिणाम, नाक बाहेर. म्हणून वळणात पाय अगदी अलगद, गाडीचा स्पीड टिकेल एवढाच. स्टिअरिंग जसजसं सरळ होत जाईल तसतसा पाय खाली. स्टिअरिंग आणि अॅक्सिलरेटर एकाच दोरीने बांधलेत असं समजलं तरी चालेल.

इलेक्ट्रिकवाल्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. नेक्सॉन ईव्हीसारख्या गाडीत मोटर पुढेच असते, ताकद पाय ठेवताच येते आणि रीजन वाढवून ठेवलं असेल तर पाय काढताच पुढची चाकं ब्रेक लावल्यासारखी आवळली जातात. गावात हे फार सोयीचं आहे. ओल्या वळणात मात्र पाय काढणं हाही एक ब्रेकच आहे हे लक्षात ठेवून रीजन कमी करून ठेवावं आणि पायाने हळूच काम करावं.

आता खरा क्षण. तुम्ही सगळं केलंत, तरी वळण पुढे आणखी आवळत गेलं किंवा मातीचा थर लागला. स्टिअरिंग अचानक हलकं लागतं, पुढून टायर घासल्याचा आवाज येतो, आणि गाडी म्हणते, मी काही वळत नाही. शंभरातले बहुतेक जण इथे काय करतात? स्टिअरिंग आणखी फिरवतात. साहजिक आहे, पण चूक आहे. टायर आधीच हात टेकून बसलाय, त्याला आणखी काम सांगून तो उठणार नाही. उलट स्टिअरिंग पुरतं वळलेलं असताना टायरला अचानक ग्रिप सापडली, तर गाडी आतल्या बाजूला झेपावते. डोंगरावर, नाहीतर समोरच्या लेनमध्ये.

करायचं असं. अॅक्सिलरेटरवरचा पाय सैल करायचा, झटक्यात नाही. स्टिअरिंग किंचित, अगदी किंचित परत सोडायचं. आणि वाट बघायची. ही वाट अर्ध्या-एक सेकंदाची असते आणि ती जगातली सगळ्यात लांब वाटते. स्पीड थोडा उतरतो, वजन पुढे येतं, टायर पुन्हा पकडतात आणि नाक परत तुमचं ऐकायला लागतं. मन म्हणतं वळव, वळव! आणि हात थोडं सोडतायत, एवढंच ते अवघड आहे. आणि अगदीच जागा उरली नसेल, समोर काही आडवं आलं असेल, तर मात्र ब्रेक पूर्ण दाबा आणि दाबूनच ठेवा. आपल्याकडे एप्रिल २०१९पासून सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे. पेडल पायाखाली थरथरलं, खरखरलं तर घाबरून पाय काढू नका. ती त्याची बोलायची पद्धत आहे.

पाय झटक्यात नाही, यावर एवढा जोर का? कारण फ्रंट व्हील ड्राइव्हची दुसरी, कमी दिसणारी बाजू. वेगात, भर वळणात, त्यातून उतारावर पाय एकदम काढला किंवा दचकून ब्रेक मारला की सगळं वजन पुढे धावतं. मागची चाकं, जी आत्तापर्यंत चहा पीत होती, ती हलकी होतात आणि बाहेर सरकतात. क्षणात नाक डोंगराकडे आणि डिकी दरीकडे. तिथून गाडी परत आणणं हे तुमचं-माझं काम नाही.

याच्याशीच जोडलेला एक वाद टायरच्या दुकानात रंगतो. बजेटमुळे दोनच नवे टायर घेतले, तर ते पुढे लावायचे की मागे? पुढची चाकं एवढं काम करतात म्हटल्यावर नवे पुढे, असं दुकानदारही सांगेल आणि तुम्हालाही पटेल. पण मिशेलिनसारख्या टायर कंपन्यांचा सल्ला उलटा आहे. जास्त ट्रेडवाले टायर मागे. कारण पाण्यात पुढचे घसरले तर स्टिअरिंगमधून कळतं आणि पाय सैल करून निभावता येतं. मागचे घसरले तर कळेपर्यंत गाडी फिरलेली असते. दुकानात पाच मिनिटं हुज्जत घाला, फरक पडतो. ट्रेड १.६ मिलिमीटरवर आला की टायर कायद्याने बाद. पावसात तो त्याच्या बराच आधी बदललेला बरा.

हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. एकट्याने ऑफिसला जातानाचा वेगळा आणि पाच जण व डिकीभर सामान असतानाचा वेगळा. पंपावरचा मुलगा ‘बत्तीस?’ विचारतो आणि आपण मान हलवतो, ते घाटाच्या दिवशी नको. भरलेली गाडी मागे बसते, नाक थोडं वर जातं आणि रोजची ओळखीची गाडी वळणात अनोळखी वागते. म्हणून पहिली चार-पाच वळणं मुद्दाम हळू घेऊन बघावं, आज तिचा मूड कसा आहे ते.

‘पण माझ्या गाडीत ईएसपी आहे.’ छानच. त्यामागची गोष्टही भारी आहे. ऑक्टोबर १९९७मध्ये स्वीडनमधल्या एका ऑटो मासिकाने मर्सिडीझची नवीकोरी ए-क्लास चाचणीला घेतली. रस्त्यात हरीण आडवं आलं तर गाडी झटकन डावी-उजवी कशी होते हे बघणारी ती चाचणी. ए-क्लास उलटी झाली. जगभर नाचक्की झाली, मर्सिडीझने डिलिव्हऱ्या थांबवल्या, सस्पेन्शन सुधारलं आणि त्या छोट्या, फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत ईएसपी सरसकट द्यायला सुरुवात केली. तोपर्यंत ते महागड्या गाड्यांचं लाड होतं. गाडी तुमच्या स्टिअरिंगप्रमाणे वळत नाहीये असं दिसलं की ईएसपी एकाच चाकाला ब्रेक लावतं. नाक बाहेर चाललं तर आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला, डिकी बाहेर चालली तर बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला. तुमच्या पायाला हे कधीच जमणार नाही. त्यामुळे ते बंद करायचं बटण असलं तरी त्याला हात लावू नका. पण ईएसपी नवी ग्रिप तयार करत नाही, आहे ती नीट वाटून देतं. दोन तळहातांचे चार होत नाहीत.

फ्रंट व्हील ड्राइव्ह म्हणजे मिळमिळीत, असं म्हणणाऱ्यांना मॉन्टे कार्लो रॅली दाखवा. छोट्या मिनीने ती १९६४, १९६५ आणि १९६७मध्ये जिंकली. त्याआधी १९६२ आणि १९६३मध्ये एरिक कार्लसनने साबमधून. हे लोक डाव्या पायाने ब्रेक आणि उजव्याने रेस एकदम वापरून गाडीची डिकी हवी तेवढी फिरवायचे. ती करामत बंद रस्त्यांवर, हेल्मेट घालून, आयुष्य त्यात घातलेल्यांची. ज्यांना मनापासून खाज आहे त्यांनी कोइम्बतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या ट्रॅकवर शिकायला जावं. तिथे चुकलं तर मातीत जाता, दरीत नाही.

बाकीच्यांसाठी प्रॅक्टिस फुकट आहे आणि सोमवारपासून सुरू करता येते. सोसायटीच्या गेटबाहेरचं वळण, ऑफिसजवळचा सर्कल, फ्लायओव्हरचा गोल रॅम्प. वीस-तीसच्या स्पीडला तोच क्रम. आधी ब्रेक, मग स्टिअरिंग, मग अलगद रेस. जमतंय की नाही हे आरशात बघू नका, कारपूलमध्ये मागे बसलेल्याकडे बघा. वळणावर त्याचा एक हात वरच्या हँडलकडे जात असेल, तर अजून नाही जमलेलं. तो मोबाइलमधून मान वर न काढता मेसेज टाइप करत राहिला, तर त्याला रविवारी ताम्हिणीला बोलवायला हरकत नाही. भज्यांचे पैसे त्यानेच द्यायचे.